लंडनची उधारी, अलेक्झांड्रियाचा गहू : व्हर्जिनियातल्या एका जमीनदाराचं प्रकरण

अठराव्या शतकातल्या अमेरिकन वसाहतींच्या व्यापाराबद्दल वाचायला लागलं की पहिली गंमत ही कळते की त्या लोकांकडे रोख नाणी जवळजवळ नव्हतीच. जमीन भरपूर, माल भरपूर, घरं मोठाली, पण खिशात पैसा नाही. सगळं वहीवर. अमक्याने तमक्याला गहू दिला, तमक्याने त्याच्या नावावर मीठ नि कापड लिहिलं, वर्षाच्या शेवटी हिशेब झाला तर झाला, नाहीतर शिल्लक पुढच्या पानावर ओढली. अशा जगात धान्याचा व्यापार कसा चालायचा आणि त्यात उधारी माणसाला कुठे घेऊन जायची हे बघायला एक प्रकरण फार चांगलं आहे, कारण त्या माणसाने पत्रं आणि हिशेबाच्या वह्या अक्षरशः आयुष्यभर सांभाळून ठेवल्या.

केस स्टडीत नावं झाकायची पद्धत असते पण इथे मुख्य माणसाचं नाव झाकून काही उपयोग नाही, चौथ्या ओळीत ओळखाल. जॉर्ज वॉशिंग्टन. अजून जनरल नाही, राष्ट्राध्यक्ष तर दूरच, नुसता पोटोमॅक नदीकाठचा तंबाखू पिकवणारा जमीनदार. त्याचा एक कर्जदार शेजारी आणि एक जहाजावरचा तरुण पुढे येतील, त्यांची नावं मात्र घेत नाही, ती कळून तुमचा काही फायदा नाही.

पार्श्वभूमी

६ जानेवारी १७५९ ला वॉशिंग्टनने मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. बायकोबरोबर तिच्या पहिल्या नवऱ्याची इस्टेट सांभाळायला आली, यॉर्क नदीकडच्या जमिनी आल्या, गुलाम आले, आणि एक लंडनचा एजंटपण आला, रॉबर्ट केरी अँड कंपनी. १ मे १७५९ ला वॉशिंग्टनने केरीला लिहून टाकलं की यापुढे इस्टेटीचा सगळा पत्रव्यवहार माझ्याशी करा.

आता हा केरी नेमका काय करायचा? सोप्या भाषेत सांगायचं तर तो अडत्या होता. इकडून साधारण हजार पौंड वजनाच्या मोठ्या पिंपात तंबाखू भरून जहाजात चढवायची, ती लंडनला जाऊन विकली जाईपर्यंत मालकी शेतकऱ्याची, वाटेत बुडाली, सडली, भाव पडला तर सगळं शेतकऱ्याच्या अंगावर. केरी विकणार, त्यातून जकात, जहाजभाडं, विमा, गोदाम आणि आपलं कमिशन कापणार, उरलेलं वॉशिंग्टनच्या खात्यात जमा. मग त्याच खात्यावर वॉशिंग्टन खरेदीची यादी पाठवणार की इतकं कापड, इतक्या चिनी मातीच्या ताटल्या, कोट, बूट, औषधं, बियाणं, अवजारं, आणि केरी लंडनच्या दुकानांतून ते घेऊन पाठवणार आणि नावे टाकणार. थकलेल्या रकमेवर पाच टक्के व्याज.

यात गोची कुठे आहे बघा. तुमचा माल किती दर्जाचा, कितीला विकला, कधी विकला, हे तोच सांगणार. तुम्ही मागवलेली वस्तू कितीला घेतली हेही तोच सांगणार. आणि एक वर्षाचं पीक वाफ्यात रोप टाकण्यापासून लंडनच्या हिशेबाचा कागद हातात पडेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जायची. म्हणजे माणूस खर्च आजचा करतोय आणि उत्पन्न परवाच्या वर्षीचं, तेही अंदाजाने.

व्हर्जिनियात दुसरी पद्धतपण होती, ग्लासगोच्या कंपन्यांची. त्यांनी नदीकाठाने दुकानं टाकली होती, तिथला स्कॉटिश मॅनेजर तंबाखू जागेवरच विकत घ्यायचा आणि बदल्यात दुकानातला माल द्यायचा, बहुतेक वेळा उधारीवर. लहान शेतकरी तिकडे जायचे. मोठे जमीनदार मात्र लंडनच्या एजंटला चिकटून राहायचे, त्यात प्रतिष्ठा वाटायची. हा प्रतिष्ठेचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अडचण

तक्रारी लगेच सुरू झाल्या होत्या. सप्टेंबर १७६० च्या पत्रात वॉशिंग्टन केरीला सुनावतो की तुम्ही पाठवता त्या वस्तू आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळात चालल्या असत्या अशा असतात, आणि वसाहतीत माल जाणार म्हटलं की दुकानदार भाव वाढवून लावतात असा त्याला पक्का संशय. पण तक्रार करत करत ऑर्डरी चालूच.

मग १७६४ मध्ये कागद आला. केरीकडे सुमारे १८०० पौंड स्टर्लिंग (म्हणजे इंग्लंडच्या चलनातले पौंड) देणं निघत होतं. पाच टक्क्यांनी याचं नुसतं व्याजच वर्षाला ९० पौंड होतं. १० ऑगस्ट १७६४ चं त्याचं उत्तर वाचण्यासारखं आहे, त्याचा सूर असा की हे माझ्या चुकीने नाही, परिस्थितीने झालं, पिकं नीट आली नाहीत, लोकांकडून यायचे पैसे आले नाहीत, मी व्याज देतो पण घाई करू नका, माझ्याकडून यापेक्षा लवकर होणार नाही. कर्जदार सावकाराला लिहितो तसंच पत्र, फक्त भाषा जरा ताठ.

खरं सांगायचं तर परिस्थिती अर्धीच खरी होती. लग्नानंतरच्या चार-पाच वर्षांत त्याने जमीन घेतली, गुलाम विकत घेतले, घर वाढवलं, घोडागाडीपासून सगळं लंडनहून मागवलं. आणि माउंट व्हर्ननची, म्हणजे त्याच्या पोटोमॅककाठच्या इस्टेटीची, माती तंबाखूला थकलेली होती, यॉर्क नदीकडच्या तंबाखूला जो भाव यायचा तो इथल्या पानाला येत नव्हता. २० सप्टेंबर १७६५ च्या पत्रात तो केरीला विचारतो की दुसरे एजंट माझी तंबाखू तुमच्यापेक्षा चांगल्या भावाने विकतात हे कसं काय.

मजा अशी की याच काळात हा माणूस स्वतःपण सावकार होता. शेजारच्या एका कॅप्टनला त्याने ७०० पौंडांच्या आसपास कर्ज दिलेलं. तो कॅप्टन अजून पैसे मागायला आला तेव्हा जून १७६७ मध्ये वॉशिंग्टनने त्याला समजावलं की नवं कर्ज काढून जुनं फेडू नको, मालमत्ता विकून मोकळा हो, नाहीतर व्याजच तुला गिळेल. सल्ला एकदम बरोबर. स्वतः १८०० पौंड देणं असताना दिलेला.

कोणते मार्ग होते

एक, तंबाखूच चालू ठेवायची पण एजंट बदलायचा किंवा दोन-तीन एजंटांत माल वाटायचा. हे त्याने थोडं केलंही, एखादी खेप लिव्हरपूललापण पाठवली. पण एजंट बदलायला आधीच्याचं देणं फेडावं लागतं, आणि तेच तर होत नव्हतं. देणं असलेला माणूस एजंटला सोडून जाऊ शकत नाही, त्यामुळे एजंटला भाव चांगला आणायची फारशी गरजही राहत नाही. हा फास सगळ्या मोठ्या जमीनदारांच्या गळ्यात होता.

दोन, ताग-जवसाच्या जातीची धाग्याची पिकं, म्हणजे हेम्प आणि फ्लॅक्स. ब्रिटिश सरकार त्यावर बक्षीस द्यायचं म्हणून त्याने चौकशी केली, थोडी लावून बघितली, पण त्यात काही जमलं नाही.

तीन, जमीन किंवा माणसं विकून एकदाच मोकळं व्हायचं. जो सल्ला शेजाऱ्याला दिला तोच. हा पर्याय त्याने स्वतःसाठी गंभीरपणे घेतलेला दिसत नाही.

चार, खर्च कमी करायचा. ऐकायला सोपं, पण ५ एप्रिल १७६९ ला जॉर्ज मेसन या शेजारच्या जमीनदाराला लिहिलेल्या पत्रात त्याने जे लिहिलंय ते वाचून मला हसू पण आलं आणि पटलंही. ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकायचा विचार चालला होता, त्यात तो म्हणतो की याचा एक फायदा हा की कर्जात बुडालेल्या माणसाला खर्च कमी करायला एक निमित्त मिळेल, एरवी त्याला भीती वाटते की मी राहणीमान कमी केलं तर लोक म्हणतील याची परिस्थिती खालावली. म्हणजे शुद्ध लोक काय म्हणतील! आणि हे नुसतं मानापमानाचं नव्हतं हां, जिथे सगळं उधारीवर चालतं तिथे लोकांना शंका आली की उधारी बंद, त्यामुळे घोडागाडी ही एका अर्थाने त्याची पतच होती.

पाच, गहू.

गव्हात काय वेगळं होतं

इथे जरा थांबतो, कारण बरेच लोक हे फक्त पीकबदल म्हणून सांगून पुढे जातात.

पहिली गोष्ट कायद्याची. ब्रिटिश जहाजवाहतुकीच्या कायद्यांत काही मालांची यादी होती जो माल वसाहतींतून आधी ब्रिटनलाच गेला पाहिजे, पुढे कुठेही जायचा असला तरी. तंबाखू त्या यादीत होती. गहू आणि पीठ नव्हतं. म्हणजे गव्हाचं जहाज व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया बंदरातून सरळ लिस्बनला, काडिझला किंवा कॅरिबियन बेटांना जाऊ शकत होतं, लंडनच्या अडत्याला मध्ये घ्यायचं कारणच नव्हतं.

दुसरी गोष्ट मागणीची. दक्षिण युरोपात १७६० च्या दशकात धान्य कमी पडत होतं, आणि कॅरिबियन बेटांवर तर सगळी जमीन उसाखाली, तिथे राबणाऱ्या लाखो गुलामांना खायला घालायचं धान्य आणि मासे बाहेरूनच यायचे. फिलाडेल्फियाचे व्यापारी या धंद्यावर आधीच गब्बर झाले होते.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, म्हणजे गव्हाचा गिऱ्हाईक घोड्यावरून जाता येईल इतक्या अंतरावर होता. अलेक्झांड्रिया हे १७४९ मध्ये वसवलेलं नवं बंदर माउंट व्हर्ननपासून काही मैलांवर. तिथले व्यापारी जागेवर भाव ठरवून गहू घ्यायचे, आतल्या शेनांडोह खोऱ्यातूनही गाड्या भरून गहू तिथे यायला लागला होता. एकदा गहू त्यांच्या गोदामात पडला की समुद्राची रिस्क त्यांची. भाव शेतकऱ्याला आधीच माहीत. जुलैत कापणी, मळणी झाली की त्या हिवाळ्यात माल पोचता, पैसे किंवा निदान वहीतली नोंद वर्षाच्या आत.

आणि मजुरीचं गणित. तंबाखूला वर्षभर हात लागतात, रोपं, लावणी, खुडणी, अळ्या वेचणं, वाळवणं, पिंपात दाबणं. गव्हाला पेरणी आणि कापणी-मळणीची धांदल सोडली तर मधे माणसं मोकळी. मोकळी म्हणजे सुट्टीवर नाही अर्थात. वॉशिंग्टनने त्या गुलामांना पिंपं बनवणं, गिरणी, मासेमारी, विणकाम अशा दुसऱ्या कामांना लावलं. गव्हाच्या या सगळ्या यशोगाथेतलं श्रम त्यांचं आहे, वहीत ते मालमत्तेच्या बाजूला आहेत, मजुरीच्या नाही.

काय केलं

१७६३ मध्येच, म्हणजे केरीचा तो कागद यायच्या आधीच, त्याने अलेक्झांड्रियाच्या कार्लाइल अँड अ‍ॅडम या पेढीबरोबर सात वर्षांचा करार केला होता. पिकेल तेवढा गहू त्यांना, भाव ठरलेला, बुशेलला (बुशेल हे धान्याचं माप) ३ शिलिंग ९ पेन्स. जॉन कार्लाइल हा गावातला बडा व्यापारी आणि वॉशिंग्टनच्या दिवंगत सावत्र भावाचा, लॉरेन्सचा साडू. घरचाच माणूस.

करार हातात होता म्हणून नंतर तंबाखू सोडायची हिंमत झाली असं मला वाटतं. १७६४ मध्ये त्याने जेमतेम अडीचशे बुशेल गहू विकला होता, १७६६ पर्यंत तो आकडा २३०० च्या वर गेला आणि १७६९ मध्ये ६२०० च्या. माउंट व्हर्ननवर १७६६ च्या सुमारास तंबाखू जवळपास बंदच झाली, कस्टिस इस्टेटीच्या लांबच्या जमिनींवर चालू राहिली.

करारभावाने हिशेब केला तर ६२०० बुशेलचे साधारण ११६० पौंड होतात. वाचायला भारी वाटतं, पण हे व्हर्जिनियाचे पौंड, लंडनचे नाहीत. कागदोपत्री शंभर स्टर्लिंगला सव्वाशे व्हर्जिनियन असा हिशेब धरला तर नऊशे-साडेनऊशे स्टर्लिंग. आणि केरीला स्टर्लिंगच पाहिजे, त्यासाठी लंडनवरची हुंडी विकत घ्यायची, जिचा दर कधी बरा कधी वाईट, आणि ती हुंडी तिकडे नाकारली गेली तर परत येऊन पुन्हा खर्च अंगावर. म्हणजे गहू विकून स्थानिक देणी, मजूर, मीठ-लोखंड सगळं सुटत होतं, लंडनचं खातं तेवढ्या सहज नाही.

घरच्या माणसाशी भांडण

१५ फेब्रुवारी १७६७ ला वॉशिंग्टनने कार्लाइल अँड अ‍ॅडमला लांबलचक पत्र लिहिलं. वाद दोन. एक वजनाचा, कारण बुशेल हे माप आहे, चांगल्या गव्हाचं बुशेल साठ पौंडांच्या आसपास भरतं आणि हलक्याचं कमी, मग कमी भरलं तर किती कापायचं, जास्त भरलं तर किती वाढवून द्यायचं, यावर दोघांची समजूत वेगळी निघाली. दुसरा वाद पैसे वेळेवर मिळत नाहीत हा. तिकडे लंडनहून केरी तगादा लावतोय आणि इकडे गहू नेणारे पैसे लांबवतायत, मधे हा.

पण त्या व्यापाऱ्यांच्या जागी बसून बघा. त्यांनी गहू घेतला तो लिस्बनला किंवा बेटांवर जाणार, तिथून रम, मीठ, दारू किंवा हुंडी येणार, ती विकून मग यांच्या हातात पैसा. त्यांनासुद्धा पुढच्याकडून उधारीवरच मिळत होतं. भाव निश्चित देऊन त्यांनी वॉशिंग्टनची बाजारातली रिस्क घेतली होती आणि बदल्यात ते त्याच्याकडून नकळत वेळ घेत होते. करारात भाव लिहिला होता, पण तारखेला पैसे आले नाहीत तर काय याची पक्की तजवीज असती तर हे पत्र इतकं लांब झालं नसतं.

निश्चित भावाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. दशकाच्या शेवटी बाहेरच्या मागणीने गहू चढला तेव्हा वॉशिंग्टन ३ शिलिंग ९ पेन्सला बांधलेला.

गिरणी

करार संपायच्या सुमारास, १७७०-७१ मध्ये, त्याने डोग रन ओढ्यावर नवी मोठी गिरणी बांधली. दोन जोड्या दगड, एक आसपासच्या लोकांचं दळण दळायला, आणि दुसरी फ्रेंच बुर दगडांची, निर्यातीच्या बारीक पिठासाठी. आता स्वतःचा गहू पीठ करून विकायचा, शेजाऱ्यांचाही विकत घेऊन दळायचा, पिंपं गुलाम कारागीर तिथेच बनवणार, आणि पिंपावर छाप जॉर्ज वॉशिंग्टनचा. डिसेंबर १७७२ मध्ये फेअरफॅक्स काउंटीच्या कोर्टात त्याने आपला पिठाचा छाप रीतसर नोंदवला.

हा निर्णय मला त्या सगळ्यात हुशारीचा वाटतो. गहू देणारा असताना तो एका पेढीला बांधलेला, पीठवाला झाल्यावर अलेक्झांड्रिया, नॉरफोक, बेटं असे चार गिऱ्हाईक. दर्जा छापावरून कळणार, लंडनच्या गोदामातल्या कुणाच्या शब्दावर नाही.

मग तेच पुन्हा

आणि इथे प्रकरण खरं इंटरेस्टिंग होतं. जुलै १७७२ मध्ये वॉशिंग्टनने मेरीलँडच्या एका तरुणाच्या ताब्यात 'फेअरफॅक्स' नावाच्या जहाजावरून पिठाची खेप कॅरिबियनला पाठवली. याने तिकडे विकायची आणि पैसे पाठवायचे. म्हणजे बघा, लंडनच्या अडत्याच्या ज्या पद्धतीला तो दहा वर्षं शिव्या घालत होता तीच पद्धत, फक्त आता अडत्या एक अननुभवी पोरगा आणि बाजार अजून बेभरवशाचा. माल आपला, रिस्क आपली, भाव तो सांगेल तो.

पोराने पीठ विकलं आणि त्या पैशांत ते जहाजच विकत घेतलं. स्वतःसाठी. वॉशिंग्टनला पैसे नाहीतच. मग पत्रं, समजावणी, धमक्या, महिनेच्या महिने. शेवटी १७७४ मध्ये ते जहाज लिलावात निघालं आणि वॉशिंग्टननेच ते १७५ पौंडांना घेतलं, नाव बदलून 'फार्मर' ठेवलं आणि हेरिंग मासे, मका, पीठ घालून जमैकाकडे पाठवलं. बाकी रकमेपोटी त्या तरुणाची मेरीलँडमधली जमीन १७७५ मध्ये पदरात पडली. म्हणजे पीठ विकायला निघालेला माणूस जहाजमालक आणि परगावच्या जमिनीचा मालक होऊन बसला, दोन्ही त्याला नको असताना. उधारीच्या धंद्यात वसुली ही अशीच व्हायची, पैसे सोडून काहीही मिळायचं.

बेटांशी त्याचा व्यवहार आधीपासून होता, आणि त्यातली एक नोंद सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जुलै १७६६ मध्ये त्याने टॉम नावाच्या गुलामाला, तो पळून जायचा म्हणून, एका कॅप्टनबरोबर बेटांवर विकायला पाठवलं आणि बदल्यात काय आणायचं त्याची यादी दिली, काकवीचं एक पिंप, रमचं एक, लिंबं, चिंच, मिठाई. धान्याच्या व्यापाराची वही आणि ही वही वेगळी नव्हती.

निकाल

आता प्रश्न, गव्हाने कर्ज फिटलं का?

नाही. म्हणजे ज्या पद्धतीने गोष्ट सांगितली जाते तसं नाही. १९ जून १७७३ ला मार्थाची मुलगी पॅट्सी वारली, जेमतेम सतरा वर्षांची. तिच्या वाट्याची मालमत्ता सुमारे १६,००० पौंडांची, त्यातला निम्मा भाग आईच्या हक्काने वॉशिंग्टनच्या हातात आला. त्यातूनच केरीचं जुनं देणं मिटवता आलं. गव्हाने, पिठाने, माशांनी नऊ वर्षं त्याला तरंगत ठेवलं, पण खातं बंद झालं ते वारशाने.

म्हणून लोक जेव्हा हे प्रकरण पीक बदललं आणि माणूस कर्जमुक्त झाला असं सांगतात तेव्हा मला पटत नाही. पण गहू नसता तर १७७२ मध्ये काय झालं असतं हे मात्र बघायला हवं. त्या जूनमध्ये लंडनचा बँकर अलेक्झांडर फोर्डाइस पळाला, बँका कोसळल्या, आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांनी अमेरिकेतली उधारी एकदम आवळली. नुसत्या तंबाखूवर बसलेले किती तरी जमीनदार तेव्हा हादरले. वॉशिंग्टनकडे निदान रोजचा व्यवहार लंडनबाहेर हललेला होता.

तुलनेला थॉमस जेफरसन घ्या, तोही व्हर्जिनियाचा जमीनदार आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. १७७३ मध्ये सासरा वारला, जमिनींबरोबर ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचं मोठं देणं वारशात आलं. जेफरसनने जमीन विकली, म्हणजे वॉशिंग्टनने शेजाऱ्याला दिलेला सल्लाच पाळला, पण विकली ती उधारीवर, आणि पैसे आले ते स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या मातीमोल कागदी चलनात. ब्रिटिश सावकाराने ते अर्थातच घेतले नाहीत. ब्रिटनबरोबरच्या १७८३ च्या तहातल्या चौथ्या कलमाने जुनी कर्जं खरी धरली गेली आणि ते ओझं जेफरसनच्या मानेवर पुढे कित्येक वर्षं राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

केरीच्या बाबतीत, खरेदीची यादी आधी कापायला हवी होती, पीक नंतर बदललं तरी चाललं असतं. तंबाखूचा भाव त्याच्या हातात नव्हता, चिनी मातीच्या ताटल्या होत्या. १७६९ मध्ये बहिष्काराचं निमित्त मिळेपर्यंत पाच वर्षं गेली, आणि नुसतं व्याज धरलं तरी त्यात साडेचारशे पौंड गेले असतील. ही माझी आकडेमोड आहे, शिल्लक तेवढीच राहिली असं धरून.

गव्हाच्या करारात सात वर्षं एकच भाव याऐवजी तीन वर्षांनी भाव पुन्हा ठरवायचा, वजनाचा नियम आकड्यात लिहायचा, आणि उशीर झाला तर व्याज, एवढ्या तीन ओळी असत्या तर बरं झालं असतं. पण इथे मी थोडा अडखळतो. १७६३ मध्ये त्याच्याकडे गहू होता किती? अडीचशे बुशेलवाल्याला कोण आपल्या अटींवर करार देतो! त्या वेळी सात वर्षं हमीने उचलणारा माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट होती. त्यामुळे हा दोष मी अर्धाच धरतो, १७६६ मध्ये नऊपट माल झाल्यावर पुन्हा बोलणी करायला हवी होती, तेव्हा तो पत्रातून वजनावर भांडत बसला.

पिठाच्या खेपेचं मात्र काही समर्थन नाही. त्या काळी बेटांवर माल पाठवणारे फिलाडेल्फियाचे जाणते व्यापारी तिथल्या बंदरातल्या ओळखीच्या पेढीकडे माल सोपवायचे, एका जहाजात सगळा माल घालायचे नाहीत, आणि जहाजात चार-पाच जणांचा हिस्सा असायचा म्हणजे कुणी एक गडबड करायला गेला तर बाकीचे गप्प बसत नाहीत. वॉशिंग्टनकडे अलेक्झांड्रियात यातलं सगळं उपलब्ध होतं, कार्लाइल अँड अ‍ॅडम हेच काम वर्षानुवर्षं करत होते. पण त्यांच्याशी वजनावरून तोंडं वाकडी झालेली आणि मधला माणूस काढून टाकायची घाई. मधला माणूस काढला की त्याचं कमिशन वाचतं हे दिसतं, तो जी रिस्क उचलत होता ती आता आपल्या डोक्यावर आली हे खेप बुडाल्यावर दिसतं.

ती मेरीलँडची जमीन, साधारण ६०० एकर, त्याने नंतरही विकली नाही. १७९९ च्या मृत्युपत्राला जोडलेल्या मालमत्तेच्या यादीत ती आहे, एकराला सहा डॉलर किंमत लावलेली.